मूळ रंग हिरवा

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. माझी मुले लहान असताना त्यांना 'ग्रँडपा' म्हणत, म्हणून आमच्या घरातल्या मराठी बोलण्यात ते 'शेजारचे आजोबा' झाले आणि मुले मोठी होऊन पांगली तरी तेच नाव राहिले. आजोबांनी पन्नास वर्षांत दोन गोष्टींचा अभिमान धरला. एक, आपण पॉन्टियॅकच्या ओतशाळेत घाम गाळला ह्याचा. आणि दुसरा, आपल्या गॅरेजात उभ्या असलेल्या केशरी गाडीचा. ती गाडी म्हणजे १९६९ सालची 'पॉन्टियॅक जीटीओ जज'. निदान आम्ही सारे तसे मानत होतो.

पॉन्टियॅक हे मिशिगन राज्यातील, डेट्रॉइटच्या वायव्येला असलेले शहर. १७६३ साली इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या ओडावा जमातीच्या एका नायकाचे नाव त्या शहराला मिळाले आणि शहराचे नाव पुढे मोटारींना मिळाले. वसई सोडून १९८६ साली मी ह्या भागात आलो तो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातील आरेखक म्हणून. त्या वेळी ह्या शहराची सकाळ पाळीच्या भोंग्यावर उजाडत असे. पुढे एकेक कारखाना बंद पडत गेला. जनरल मोटर्सने २००९ साली पॉन्टियॅक हे नावच बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २०१० साली ते कायमचे मिटले. ज्या माणसाने आपली उमर एका नावासाठी झिजवली, त्याच्या हाती त्या नावाची एखादी खूण तरी उरावी लागते. आजोबांजवळ ती गाडी उरली होती.

जुन्या अमेरिकन मोटारींची ज्यांना माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ज्यांना इथे 'मसल कार' म्हणतात, त्या गाड्यांचे सूत्र अगदी सोपे होते: मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे. १९६४ सालच्या मोसमात पॉन्टियॅकने हे प्रथम मोठ्या प्रमाणावर केले. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचाच दंडक होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नवी गाडी म्हणून नव्हे, तर 'टेम्पेस्ट' मालिकेतील 'लमान्स' ह्या गाडीवर जादा पैसे भरून मिळणारी एक सोय म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन विकायला काढले आणि फेरारीच्या एका शर्यतीच्या गाडीचे 'जीटीओ' हे नाव बेधडक उचलले. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा वरिष्ठांचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

'जज' हा ह्याच जीटीओचा अधिक भडक अवतार. दूरचित्रवाणीवरील 'लाफ-इन' ह्या विनोदी कार्यक्रमामुळे न्यायाधीश येत असल्याची एक आरोळी त्या काळी घरोघर पोहोचली होती. तिच्यावरून हे नाव आले. ४०० घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचे इंजिन. साध्या जीटीओत त्याची शक्ती ३५० अश्वशक्ती, तर 'रॅम एअर' बनावटीत, जी जजमध्ये मुळातच असे, ३६६. मागे रुंद पंख, अंगावर तिरंगी पट्टे, पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावर ठसठशीत नाव. सुरुवातीच्या गाड्यांचा रंग 'कॅरोसेल रेड', नावाने लाल पण डोळ्यांना केशरी. १९६९ सालच्या ७२,२८७ जीटीओंपैकी फक्त ६,८३३ गाड्या जज होत्या. म्हणजे दहांत एकही नाही. ह्या दुर्मिळतेमुळेच आज साधी जीटीओ आणि जज ह्यांच्या किमतींत मोठी तफावत पडते, आणि ह्या तफावतीमुळेच साध्या गाडीला जज करण्याचा मोह माणसांना पडत आला आहे.

आजोबांनी ही गाडी १९७८ साली एका परक्या गावच्या माणसाकडून जुनी म्हणून घेतली होती. वुडवर्ड अॅव्हेन्यू हा डेट्रॉइटहून पॉन्टियॅकला येणारा रस्ता. तिथे १९९५ सालापासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. आजोबा दर वर्षी आजींना शेजारी बसवून त्या मिरवणुकीत जात. एका वर्षी त्यांनी मलाही मागच्या आसनावर बसवले. रस्त्याकडेची तरुण मुले गाडीचे नाव घेऊन ओरडत होती आणि आजोबा राजासारखे हात हलवत होते. ते दृश्य मी विसरणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आजींची स्मृती जाऊ लागली. त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले आणि तिथला खर्च महिन्यामागून महिना आजोबांची शिल्लक खात गेला. एके दिवशी कुंपणापाशी उभे राहून ते मला म्हणाले, "गाडी विकतो आहे." पुढे काहीच बोलले नाहीत. त्यांच्या मुलाने एक गिऱ्हाईकही पाहिले होते. तो माणूस बरी किंमत द्यायला तयार होता आणि कागदपत्रांचा आग्रहही धरत नव्हता.

इथे माझे शहाणपण आडवे आले. आयुष्यभर मी नकाशे आणि क्रमांक ह्यांत वावरलो. मी म्हणालो, "घाई करू नका. गाडीचे मूळ कागद मिळवू. जज असल्याचा पुरावा हाती आला, तर हाच माणूस किंवा दुसरा कोणी ह्याहून पुष्कळ अधिक देईल." आजोबा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "तुला तसं वाटतं का?" एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नातली कळ मला तेव्हा उमजली नाही.

अशा गाडीचे मूळ शोधणे हे एखाद्या घराण्याची वंशावळ शोधण्यासारखे आहे; कोणाचे दप्तर राहिले आणि कोणाचे गेले, ह्यावर सारे अवलंबून. फोर्डच्या १९६७ सालापासूनच्या उत्पादनाच्या नोंदी टिकल्या आहेत आणि केव्हिन मार्टी ह्यांच्या संस्थेकडून त्यांचा दाखला मिळतो. क्रायस्लरच्या गाड्यांचे मालक मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत हात घालून चाचपतात, कारण जोडणीच्या वेळी गाडीबरोबर फिरणारा कागद कामगार कधी कधी तिथेच सोडून देत. अमेरिकेत बनलेल्या शेव्हरोलेच्या बाबतीत असा दाखला देणारे दप्तरच उरले नाही. पॉन्टियॅकवाले मात्र भाग्यवान. कारखान्याने विक्रेत्याला पाठवलेल्या बिलांच्या नोंदी जपल्या गेल्या आणि 'पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' ही संस्था गाडीच्या क्रमांकावरून त्यांची प्रत देते. ह्या नोंदी कोणी इतिहासाच्या प्रेमाने लिहिल्या नव्हत्या. हिशेब चुकू नये म्हणून लिहिल्या होत्या. म्हणूनच त्या विश्वासार्ह आहेत. हिशेबनिसाला गाडीची थोरवी गायची नसते.

मी अर्ज पाठवला आणि उत्तर येईपर्यंत गाडीचीच साक्ष घ्यावी म्हणून एका शनिवारी विजेरी, चिंध्या आणि रॉकेल घेऊन गॅरेजात शिरलो. १९६८ सालापासून जनरल मोटर्सच्या गाड्यांचा क्रमांक समोरच्या काचेतून, चालकाच्या बाजूला दिसतो. पहिला आकडा २ म्हणजे पॉन्टियॅक. पुढचे ४२ म्हणजे जीटीओ. ३७ म्हणजे दोन दारांची, टणक छपराची. ९ म्हणजे १९६९. आणि मग 'बी' हे अक्षर, म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. गाडी अस्सल जीटीओ होती ह्यात शंका उरली नाही. पण जजसाठी वेगळा आकडा कारखान्याने ठेवलाच नव्हता. क्रमांक इथपर्यंत आणून सोडतो आणि गप्प बसतो.

मग मी बॉनेट उघडले. इंजिनाच्या मागे, काचेखालच्या पत्र्यावर सांगाडा बनवणाऱ्या 'फिशर बॉडी'ची एक लहानशी पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर केशरी रंगाचा थर बसला होता. तो हलक्या हाताने काढल्यावर अक्षरे उमटली: १० आणि त्यापुढे 'सी'. म्हणजे दहाव्या महिन्याचा तिसरा आठवडा. १९६८ सालचा ऑक्टोबर. मी ती अक्षरे पुन्हा पुसली, पुन्हा वाचली. जज बाजारात जाहीर झाली ती १९६८ च्या डिसेंबरात. जी वस्तू अजून जन्मायची होती, ती ऑक्टोबरात बाल्टिमोरला कशी तयार होणार?

तरीही आशा चिवट असते. मी इंजिनाच्या पुढच्या अंगाला, उजव्या बाजूला साचलेले चाळीस वर्षांचे तेलकट कीट खरवडले. तिथे इंजिनाची जात सांगणारी दोन अक्षरे ठोकलेली असतात. हाताने गिअर बदलायच्या जजमध्ये 'रॅम एअर'चे नेहमीचे इंजिन असेल तर 'डब्ल्यू एस' असायला हवे. इथे 'डब्ल्यू टी' होते: साध्या जीटीओचे, ३५० अश्वशक्तीचे इंजिन. शेवटी मागच्या सामानाच्या कप्प्यातले जाजम उचलले. कोपऱ्यात, रंगाऱ्याचा हात जिथे पोहोचला नव्हता तिथे, तळहाताएवढा हिरवा डाग होता. 'व्हर्डोरो ग्रीन' नावाचा, किंचित सोनेरी झाक असलेला तो हिरवा रंग त्या वर्षी पॉन्टियॅकच्या गाड्यांना मिळत असे. पंख, पट्टे, नावाच्या चिकटपट्ट्या, सारे काही नंतर कोणीतरी चढवले होते. १९७८ साली आजोबांना ती गाडी विकणाऱ्याने ते केले, की त्याच्याही आधीच्या कोणी, हे कळायला मार्ग नाही.

आठवड्याभराने टपालाने कागद आला. विक्रेता मेरीलँडमधला. रंग हिरवा. चार गतींचा गिअर, रेडिओ, आसनांमधला कप्पा, अशा जादा सोयींची यादी आणि त्यांच्या किमती. 'जज' हा शब्द त्या यादीत कुठेही नव्हता.

मी तो कागद चार दिवस टेबलाच्या खणात ठेवला. वाचकहो, ह्या चार दिवसांची मला आजही लाज वाटते, म्हणूनच हे लिहीत आहे. मी स्वतःशी नाना युक्तिवाद केले. गिऱ्हाईक कागद मागत नाही. मग आपण होऊन का दाखवावा? ते पैसे काही चैनीसाठी नाहीत. एका आजारी बाईच्या औषधपाण्यासाठी आहेत. आणि ह्या वयात एका माणसाचा अभिमान हिरावून घेण्याचा अधिकार मला कोणी दिला? अर्ज तर मीच केला होता, त्यांनी मागितला नव्हता.

त्या दिवसांत मला माझीच एक जुनी गोष्ट आठवत राहिली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतील महाराष्ट्रातल्या अनेकांची ती तशीच आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत आणि नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख लिहून टाकत. माझी खरी तारीख नोव्हेंबरातली, आमच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत नोंदलेली. परदेशी येताना पासपोर्टवर १ जूनच चढली आणि पुढे सगळीकडे तीच चालली. दर वर्षी १ जूनला कचेरीतली माणसे केक कापत, मी हसून आभार मानत असे. कोणाचे काही बिघडले नाही. पण त्या दिवशी दुसऱ्याच कोणाचा तरी वाढदिवस आपण साजरा करीत आहोत, असे मला मनातून सतत वाटत राहिले. लहानसे खोटेही आपली जागा व्यापून बसते आणि खऱ्याला बाहेर उभे करते.

पाचव्या दिवशी मी कागद घेऊन गेलो. आजोबांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी घालून गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "मला वाटत होतंच. पहिल्या हिवाळ्यात मागच्या चाकापाशी रंगाचा टवका उडाला, तेव्हा आत हिरवं दिसलं होतं. मी त्यावर घाईघाईनं केशरी रंग लावला आणि पुन्हा कधी बघितलं नाही."

चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते मनात दडवले होते. मी कागद दडवला होता तो चार दिवस. मला त्यांच्याहून स्वतःचीच अधिक ओळख पटली.

"आता मुलगा रागावेल," ते म्हणाले. "किंमत निम्म्यावर येईल. पण मी नसताना कोणीतरी हा शोध लावला असता, आणि म्हाताऱ्यानं फसवलं म्हणाला असता. तेही खरंच ठरलं असतं."

निघताना मला एक गोष्ट सुचली. जजचा शोध घेण्याच्या भरात मी इंजिनावरचे इतर आकडे नीट पाहिलेच नव्हते. आम्ही दोघे पुन्हा गॅरेजात गेलो. इंजिनाच्या पुढच्या अंगावर खाली गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. तो काचेखालच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. इंजिन बदललेले नव्हते. बाल्टिमोरला ह्या गाडीत बसवलेले तेच हे इंजिन. आणि मागच्या बाजूला, ओतकामाच्या वेळी उठवलेली तारीख होती: महिन्याचे अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. १९६८ च्या सप्टेंबरचा अखेरचा आठवडा.

गाडी कुठल्याही कारखान्यात जोडलेली असो, त्या काळच्या पॉन्टियॅकच्या ह्या इंजिनांचे ठोकळे पॉन्टियॅक शहरातच ओतले जात. आजोबा १९६५ सालापासून त्याच ओतशाळेत होते. त्यांनी विजेरी माझ्या हातून घेतली आणि त्या उठावाच्या अक्षरांवर बोट फिरवले. "त्या महिन्यात माझी रात्रपाळी होती," ते म्हणाले. "वाळूचे साचे आणि उकळतं लोखंड. छातीवर घामाचं मीठ जमायचं." हा ठोकळा त्यांच्याच पाळीत ओतला गेला, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही आणि तसे त्यांनीही म्हटले नाही. पण त्यांच्या ओतशाळेतून, त्यांच्या काळात तो बाहेर पडला, एवढे लोखंडावर लिहिलेले होते. पंखावर आणि पट्ट्यांवर त्यांनी इतकी वर्षे जो अभिमान ठेवला, त्याची खरी जागा बॉनेटखाली, किटाच्या थराआड होती.

पहिल्या गिऱ्हाइकाने कागद पाहून पाठ फिरवली. मुलगा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. त्याचा राग मी समजू शकतो. सहा आठवड्यांनी एका शिक्षकाने ती गाडी साधी जीटीओ म्हणून, साध्या जीटीओच्या किमतीला घेतली. पैसे कमी आले. आजींच्या शुश्रूषेचा खर्च आजही ओढाताणीनेच भागतो. प्रामाणिकपणाचे फळ लगेच पदरात पडले, असे लिहायला मला आवडले असते, पण ते ह्या लेखातले नवे खोटे ठरेल.

गाडी नेताना शिक्षकाने विचारले, "तिला पुन्हा हिरवी करू का?" आजोबा म्हणाले, "गाडी तुमची आहे. पण माझ्या बायकोला ती केशरीच आठवते." मग त्यांनी कारखान्याच्या बिलाची प्रत समोरच्या लहान कप्प्यात ठेवली आणि तिच्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद ठेवला. तो त्यांनी मला आदल्या संध्याकाळी वाचून दाखवला होता. त्यात गाडी कधी, कोणत्या समजुतीने घेतली. रंगाचा टवका कधी उडाला आणि आपण तो कसा झाकला. वुडवर्डच्या मिरवणुकीला कोणकोणत्या वर्षी गेलो आणि शेजारी कोण बसले होते, एवढेच होते. खाली सही आणि तारीख.

पुढे कधीतरी कोणी पुन्हा ह्या गाडीचे मूळ शोधू लागेल. त्याला दोन्ही कागद एकाच ठिकाणी सापडतील.